कोणतंही बटन दाब

नागपुरात सदर भागातल्या त्या ट्रान्सपोर्ट कचेरीत मुकुंदनं काय काय नाही केलं! मुनीम विश्वनाथच्या बंद छत्रीत मुरमुरे भरले, मालकाच्या खुर्चीखाली फटाक्याच्या टिकल्या लावल्या, एकदा तर स्वतःच्याच निरोप समारंभाचं बोलावणं वाटून सगळ्या स्टाफकडून समोसे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी मजेत कामावर हजर. पण त्याची खरी जत्रा भरली ती कॉम्प्युटरवर.

एकोणनव्वद साल चालू होतं. ट्रकनं गेलेल्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, आता कॉम्प्युटरवर, डीबेस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढायच्या. प्रोग्रॅम मुकुंदचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे; टायपिंग कचेरीतल्या देवकीचं. कुठं चुकलं की मशीन टूं करून अडायचं आणि इंग्रजीत कुरकुरायचं. ती कुरकुर पकडायला डीबेसमध्ये एक तयार फंक्शनच होतं. नाव मेसेज, पुढं दोन रिकामे कंस. त्याला विचारलं की मशीनचं नेमकं काय दुखतंय ते सांगायचं. शहाण्या माणसानं ते जसंच्या तसं पडद्यावर दाखवावं.

मुकुंद कुठचा शहाणा! मशीनचं दुखणं तो स्वतः ऐकून घ्यायचा आणि पडद्यावर आपली ओळ सोडायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी. तारखेच्या जागी नाव पडलं की, ‘देवकी, ट्रकचं लगन लावून राहिली का वं?’ डिस्क भरली की, ‘पोट फुटते आता, बस कर माय.’ आणि खाली नेहमीचं, ‘कोणतंही बटन दाब.’ दाबलं की ओळ गायब, काम पुढं चालू. सुरुवातीला देवकी पदर तोंडात कोंबून हसायची. ती हसली की याचा दिवस सोन्याचा.

देवकीनं भावांची शिक्षणं करता करता चाळिशी गाठलेली. मुकुंद तिच्याहून मोठा, एकटा. शहराबाहेर हुडकेश्वरला दोन खोल्या बांधून बसला होता, तिकडं तेव्हा संध्याकाळ झाली की कोल्हे ओरडायचे. अख्ख्या नागपूरला टोप्या घालणारा हा गडी, पण देवकीसमोर एक सरळ वाक्य बोलायचं म्हटलं की टाळूला जीभ चिकटे.

म्हणून रविवारी कचेरी उघडून त्यानं डाव मांडला. प्रोग्रॅममध्ये एक नाव मुद्दाम चुकीचं लिहिलं, म्हणजे सोमवारच्या पहिल्याच बिल्टीला मशीन अडणार. आणि अडलं की पडद्यावर येणार, ‘देवकी, हे मस्करी नाही. माझ्याशी लगन करशील का?’

सोमवारी तो चहाचा गिलास घेऊन तिच्या मागं, कपाटाशी उभा. देवकीनं बिल्टी टाकली. टूं झालं. ओळ आली, ठळक.

देवकीची नजर कागदावर. अंगठा सवयीनं कीबोर्डच्या लांब बटनावर पडला. ओळ गेली.

“देवकी!”

“काय झालं, मास्तर?”

“काही आलं होतं न पडद्यावर?”

“आलं असन. तुमचं नेहमीचं.”

“वाचलं नाही?”

“मी कवाची वाचूनच नाही राहिली. टूं झालं का बटन दाबते.”

“मास्तर, तुमचं गिऱ्हाईक तुटलं गा!” पलीकडच्या टेबलावरून मुनीम विश्वनाथ खिदळला.

देवकीनं टेबलाखालून डबा काढला. “घ्या. दोघंही घ्या. काल एका स्थळाले हो म्हटलं मी. कन्हानचे आहेत, कोळशाच्या खाणीत स्टोअरकीपर. पैली बायको वारली, दोन लेकरं आहेत.”

पेढा मुकुंदच्या तळहातावर आला. विश्वनाथ मालकाला बातमी द्यायला आत पळाला.

“काहून वाचत नव्हती वं?” मुकुंदनं हळूच विचारलं.

ती डब्याचं झाकण लावत राहिली. “पैलं वर्षभर एक एक ओळ वाचली. मुद्दाम चुकायची मी, मास्तर. तारखेच्या जागी नाव टाकायची. वाटे, एखाद्या दिवशी मस्करी सोडून काही लिहाल.”

“मग?”

“मग काय. ट्रकचंच लगन लागत राहिलं.”

आता बोलायचं होतं. अजून बोलता आलं असतं. मुकुंदनं तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं?

“कन्हानले जाऊन कोळशावानी काळी होशील वं!”

देवकी हसली. लहान पोरानं तीच ती कोलांटी दाखवल्यावर मोठी माणसं हसतात, तशी. “माझ्या जागी कोणी नवी येईन. तिच्यासाठी मशीन जे म्हणते तेच ठेवा, मास्तर. बिचारीले समजलं पाहिजे का काय चुकलं.”

ती मालकाला पेढा द्यायला गेली. मुकुंद तिच्या खुर्चीवर बसला. एक एक थट्टा पुसली, त्या जागी दोन रिकाम्या कंसांचं ते मेसेज लावलं. रविवारच्या ओळीशी बोट थबकलं. डीबेसमध्ये ओळीच्या आधी चांदणीची खूण टाकली की ओळ तिथंच राहते, पण मशीन तिच्याकडं पाहत नाही. त्यानं चांदणी टाकली. मग चुकवलेलं नाव दुरुस्त केलं.

देवकी परत आली, बसली, बिल्टी टाकली. टूं झालं नाही.

“आज काहून गुमसुम आहे हे?” ती म्हणाली.

“अन् मास्तरही!” विश्वनाथ ओरडला.

सगळ्यात मोठ्यांदा मुकुंदच हसला. पेढा अजून मुठीतच होता, चुरा झालेला.