हाताशी असलेली अंबू

मी अंबू बोलतेय. नाव ऐकून कुणाची लेक समजू नका. उंब्रजच्या एका दवाखान्यातली मी रबरी पिशवी, मूठभर आकाराची. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, त्याच्या नाकातोंडावर माझा मास्क धरतात आणि मला दाबतात. माझ्यातली हवा त्याच्या छातीत जाते. कुणी दाबलं नाही, तर मला हूं की चूं करता येत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा काय तोरा होता माझा! आणि येऊन पडले कुठं, तर बाळांना ऊब देणाऱ्या पाळण्याशेजारच्या ट्रेमध्ये. नर्स पूजा मला रोज पुसते, दाबून बघते आणि पुन्हा तिथंच ठेवते. खरं सांगते, जीव उबगतो.

डॉक्टर विश्वजित तसे भले माणूस. माझ्या साथीनं त्यांनी कितीतरी बाळं रडवली. पण एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसलेली. गुणसूत्रांत मोठा बिघाड असलेल्या बाळासाठी मला उचलायचंच नाही. जगत नाहीत, उगाच हाल, असं त्यांचं म्हणणं.

आमच्याकडं तपासणीला येणाऱ्या संयोगिताच्या पोटातल्या बाळाचा तसाच रिपोर्ट आला. अठरावं गुणसूत्र एक जादा. डॉक्टरांनी ते सांगितलं कुणाला, तर तिच्या सासऱ्यांना, सुभेदार नाथाजींना, दाराबाहेर उभ्याउभ्या. नवरा जयराज सीमेवर, त्याला फोनवर कळवलं. पोटुशीला धक्का नको म्हणून तिला मात्र बाळ जरा अशक्त आहे एवढंच सांगितलं. मला लावायचं नाही, हे तिच्या माघारी ठरलं. दार उघडं होतं, मी सगळं ऐकलं. ऐकून करते काय?

मुलगी झाली. निळसर, मुकी. डॉक्टरांनी तिला पुसलं, पाठ चोळली आणि हात मागं घेतला. पूजानं मला उचललं होतं, पण त्यांनी मान हलवली तशी खाली ठेवलं. बाळ हातभर अंतरावर, हवा माझ्या पोटात, आणि मला हलता येईना. असली तळमळ वैऱ्यालाही नको.

संयोगिता कोपरावर उठली. "आवं डॉक्टर, ती पिशवी मग कशाला ठेवलीया?"

डॉक्टरांनी दोन वाक्यांत खरं काय ते सांगितलं. या पिशवीनं पोर बरी व्हायची नाही, म्हणाले.

"बरी करा म्हणत न्हाई मी. जित्ती हाय तवर माझ्याकडं द्या."

त्यांनी मला उचललं. दाबलं, सोडलं, दाबलं. इवलीशी छाती वर आली. मांजराच्या पिलासारखं बारीक रडू फुटलं, तसं मला बाजूला सारून त्यांनी लेक आईच्या छातीवर ठेवली.

दुपार कलेपर्यंत ती स्वतःच्या श्वासानं तिथं राहिली. नाथाजी आत आले, टोपी काढून तिचं बोट धरून बसले. "आदी तुलाच सांगाया पायजे हुतं, पोरी," एवढंच सुनेला म्हणाले. श्वास मंदावला तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग संयोगिताकडं. आता नको, म्हणाली ती.

आज मी जुनी झालेय, मास्क पिवळा पडलाय. ट्रे तोच आहे. समोरच्या खाटेवर वाईची एक बाई आहे, तिच्याही बाळाचं तसंच निघालंय. डॉक्टर स्टूल ओढून तिच्यापाशी बसलेत, घरच्यांनाही तिथंच बसवलंय. ती काय म्हणाली, मला इथून ऐकू आलं नाही. उचलतील, नाहीतर पडून राहीन.

मी पिशवी आहे, मला कुणी विचारलं नाही तर चालतं. तिला विचारत चला, बाबांनो.