कोंबड्या बसल्यावरचा महापूर

एका राजाच्या ओंजळीत मासा आला. राजा सकाळी नदीवर हात धूत होता. मासा म्हणाला, मला वाचव, मी तुला वाचवीन.

भज्यांचं पीठ सैल झालं की भजी तेल पितात.

लांब पश्चिमेला एका म्हाताऱ्याने भरल्या पुरात नावेतून आधी कावळा सोडला, मग कबुतर. कबुतर चोचीत पान घेऊन आलं. कावळा आलाच नाही, आणि पुढे त्याची कुणी चौकशीही केली नाही.

'शनिवारी कल्याणहून पहाटेच्या गाडीने निघतो. सभागृह विचारत विचारत सापडेल. काळजी करू नये. तुझा शरूमामा.'

पाणी ओसरल्यावर एका नवराबायकोने मागे न बघता खांद्यावरून दगड फेकले. त्याने फेकलेल्यांचे पुरुष झाले, तिने फेकलेल्यांच्या बायका.

तांबडी कोंबडी शिस्तीची नाही.

हे सगळं श्रीपाद मास्तरांच्या एका निळ्या वहीत होतं. भज्यांचं वाक्य त्यांच्या बायकोने, अनसूयाबाईंनी, मागच्या पानावर लिहिलं होतं, कारण घरात दुसरा कागद सापडला नाही. मास्तरांच्या मामांचं पत्र खूण म्हणून मधे ठेवलेलं. आणि तांबडी कोंबडी कुरवंडे गावाच्या वरच्या ठाकरवाडीतली, भागूबाईची. ती वहीत का आली, ते पुढे येईलच.

१९५८ सालचा पावसाळा. मास्तर लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जगबुडी गोळा करायचे. दोन ऑगस्टला पुण्यात विद्वानांची सभा होती. तिथे मास्तरांना निबंध वाचायचा होता: महापुराच्या कथा आणि त्यांचा उगम. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. सभेच्या चिटणिसांनी मात्र पत्रात एक ओळ टाकली होती, 'पुस्तकांतलं आम्हीही वाचतो. आपण स्वतः ऐकलेली एखादी कथा असल्यास वेळ मिळेल.' असल्यास. त्या एका शब्दाने मास्तरांची झोप उडाली.

उगमाची कारणं तयार होती. एक, खरंच कधीतरी मोठा पूर आला, आणि नदीकाठच्या माणसाला आपली नदी म्हणजेच जग वाटतं. दोन, डोंगरावर शिंपले सापडले. इथवर समुद्र आला कसा, याचं उत्तर म्हणून गोष्ट झाली. तीन, व्यापारी माल घेऊन गेले आणि गोष्टही घेऊन गेले. आता कमी होती ती फक्त गोष्टीची.

ती भागूबाईकडे आहे, असं त्यांना भारंगीची भाजी विकायला येणाऱ्या कान्हूने सांगितलं. कान्हू म्हणजे भागूबाईचा सख्खा मामा. सत्तरी ओलांडलेला, काटक, आणि तोंडावर नेहमी असा भाव की आत्ताच त्याने काहीतरी लपवलंय.

मग जूनपासून वहीत नोंदी पडत गेल्या.

८ जून. जगबुडी झाली तेव्हा सात माणसं कणगीत बसून वाचली. जमीन शोधायला कोंबडा पाठवला.

१५ जून. कणगी नव्हे, फणस. आतले गरे आधी खाल्ले, मग बसले. पाठवली खार.

२९ जून. ढोल. शेळी पाठवली. (शेळी पोहते का? विचारणे.)

६ जुलै. पाटी. पाठवलं काहीच नाही. भागूबाई घाईत होती.

१३ जुलै. सूप. सात माणसं सुपात कशी मावली, असं विचारल्यावर 'बारीक व्हती' हे उत्तर.

मास्तर हरखले. एका वाडीत, एका तोंडात, पाच पाठभेद. त्यांनी तक्ता आखला. कणगीला शेतीचा काळ, फणसाला रानाचा काळ, ढोलाला देवधर्माचा काळ, अशी पाच युगं पाडली आणि तक्ता जेवताना पाटाशेजारी उघडून ठेवला.

अनसूयाबाईंनी वाढता वाढता तो वाचला. "अहो, पंधरा जूनला तिच्या अंगणात फणस होता का?"

"होता. फोडत बसली होती. आम्हालाही दिला."

"आणि तेरा जुलैला काय करत होती?"

"तांदूळ पाखडत…" मास्तरांचा घास हातात राहिला.

"सुपात," अनसूयाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे गोष्ट विचारली असतीत तर सात माणसं आमटीच्या पातेल्यात बसली असती. भात घालू?"

पुढच्या रविवारी मास्तर वाडीत पोचले आणि तावातावाने छत्रीतून बाहेर आले. भागूबाई वळचणीखाली इरलं दुरुस्त करत होती. बांबूच्या कामट्यांत सुकली पानं दाबून बसवायची. भातलावणीला पाठीवर घेतलं की माणूस कासवासारखा दिसतो आणि कोरडा राहतो.

"भागूबाई, तुम्ही मला खोटं सांगता."

"व्हय," भागूबाई म्हणाली. "बसा."

मास्तर उभेच राहिले. इतक्या लवकर कबुली मिळेल अशी तयारी नव्हती. "का पण?"

"दिसा खरी गोष्ट सांगत न्हाईत, मास्तर. दिसा सांगितली तर मामा वाट चुकतो."

"कुणाचा मामा?"

"ज्यानं सांगितली त्येचा. माजा हाये ना मामा. रोज लोनावळ्याला जातो, येतो. खोटी सांगितली तर काय व्हत न्हाई. म्हनून तुमाला खोटी सांगते. तुमी लांबून येता, मोकळ्या हातानं कसं धाडायचं?"

कान्हू कोपऱ्यात खेकडे मोजत होता. तो मान न वळवता म्हणाला, "एकदा सांगितलती हिनं. पोर रडत व्हतं म्हनून, दुपारची. मी निगालतो लोनावळ्याला आन पोचलो खोपोलीत. तितं एकानं मला आपलाच गडी समजून चार दिस राबवला."

"धुकं असेल त्या दिवशी," मास्तर म्हणाले.

"व्हतं की. धुकं रोज असतंय. मी रोज खोपोलीला जात न्हाई."

मास्तरांनी छत्री मिटून कुडाला टेकवली.

"मग मी आज रात्री राहतो," मास्तर म्हणाले.

"ऱ्हावा. जूनात दोन खेपा ऱ्हायलात," भागूबाई कामट्या आवळत म्हणाली. "दोनी खेपंला नाचनीची भाकर खाल्ली आन घोरलात. गोष्ट तुमच्या उशाला झाली."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शिवाय राहणं आज शक्यच नव्हतं: सोमवारी सातला शाळा, तपासणीला साहेब, आणि मधला ओढा रात्रीतून कमरेएवढा होतो. पुढचा रविवार तेवढा हाती उरला. तोही दिवसाचाच.

"तुमच्याकडे रात्र कधी धरतात?" त्यांनी जाता जाता विचारलं. विचारताना आवाज सरळ ठेवला.

"घड्याळ कुटं हाये आमच्यात? कोंबड्या खुराड्यात बसल्या, की रात."

मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

२७ जुलै. दुपारचे अडीच. धुकं असं की समोरचा नागफणीचा सुळका तर सोडाच, भागूबाईच्या दारातला आंबाही दिसेना. आत चूल पेटलेली. कान्हू सकाळीच बाजाराला गेलेला. सभेला सहा दिवस.

"खाली बसा, चा ठेवते," म्हणून भागूबाई आत गेली आणि मास्तर लगेच उठले.

पहिल्या दोन कोंबड्या सहज गेल्या. अंधारून आलेलंच होतं, त्यांनाही शंका असावी. तिसरीला छत्रीने वाट दाखवावी लागली. चौथी आणि पाचवी जोडीने शेणाच्या ढिगावर चढल्या. मास्तर त्यांच्यामागे चढले आणि एका चपलेनिशी उतरले. एम. ए.ला दुसरा वर्ग मिळवलेला माणूस, धोतर खोचून, तोंडाने 'बा बा बा' करत, चिखलातून तांबडीच्या मागे गोठ्याला तीन फेऱ्या घालून आला. शेवटी तिला धरून आत कोंबली आणि खुराड्याचं दार ओढून त्यावर दगड ठेवला.

भागूबाई दारात उभी होती. हातात चहाची पितळी. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

"कोंबड्या बसल्या," मास्तर म्हणाले. दम लागला होता.

भागूबाईने खुराड्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मास्तरांच्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं.

"रात झाली म्हनायची," ती म्हणाली. "या आत."

आणि तिने गोष्ट सांगितली. मास्तरांना ऐकताक्षणी कळलं की ही खरी आहे, कारण सांगताना ती इकडेतिकडे बघत नव्हती. पाऊस लागला तो थांबेना. पाणी दरीतून वर आलं, झाडांच्या शेंड्यांवर आलं. सात माणसं एका वस्तूत बसली. (वस्तू कोणती, ते इथे लिहिलेलं नाही. वाचणारा दिवसा वाचत असेल.) खाणं संपलं. जमीन बघून यायला कुणाला पाठवावं? पाखरं केव्हाच दमून पाण्यात पडली होती. तेव्हा पोरांचा मामा म्हणाला, मी जातो. मामा पोहत गेला. त्याला एका डोंगराचं टोक सापडलं, पण परतायचं कसं? चारी बाजूंना पाणी, पाण्यावर खुणा नसतात. रात्र झाली तेव्हा भाचीने वर उभं राहून दिवटी धरली. तेवढ्या एका उजेडावर मामा परत आला, आणि सगळ्यांना डोंगरावर घेऊन गेला. आपण सगळे त्या भाचीची लेकरं.

"दिसा सांगितली तर दिवटी दिसत न्हाई," भागूबाई म्हणाली. "मामा पान्यातच फिरत ऱ्हातो."

मास्तरांची पेन्सिल थांबली. जगभरच्या एवढ्या पुरांत त्यांनी मासा पाहिला होता, कावळा पाहिला होता, कबुतर पाहिलं होतं. मामा कुठे पाहिला नव्हता. नेमक्या त्याच वेळी बाहेर धाडकन दगड पडला आणि तांबडी कोंबडी कलकलत अंगणातून पळाली. तिच्यामागोमाग उरलेल्या पाच.

भागूबाई दाराशी गेली. धुकं थोडं विरळ झालं होतं. आंबा दिसत होता.

"दिस हाये, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी पेन्सिल खिशात घातली.

"मामा या वक्ताला येतो," भागूबाई म्हणाली. तिने वाटेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "न्हाई आला."

"येईल. बाजारात वेळ लागतो."

"व्हय. येईल." मग रिकाम्या खुराड्याकडे बघत, "खोपोलीवरनं यायला दोन दिस लागतात."

मास्तरांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. हे त्यांनी स्वतःला ओढ्यापर्यंत तीनदा सांगितलं. ओढ्यापलीकडे त्यांनी पहिली हाक मारली, अगदी हळू, घसा साफ केल्यासारखी. "कान्हूमामा." धुक्यातून उत्तर नाही. कुरवंड्याच्या शिवेवर आवाज मोठा झाला. दरीकडची प्रत्येक पाऊलवाट त्यांनी काठापर्यंत जाऊन पाहिली. एका म्हशीला त्यांनी 'मामा' म्हणून हटकलं. एका चपलेने चालणारा माणूस किती वाकडा चालतो, हेही त्यांना त्या दिवशी कळलं. शोधत शोधत दिवेलागणीला ते स्वतःच्या दारात आले, तेव्हा आवाज पार बसला होता आणि मनात एकच हिशोब चालू होता: पोलिसांत काय सांगायचं? कोंबड्या मी कोंडल्या, असं?

कान्हू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून भजी खात होता.

मास्तर चौकटीला धरून उभे राहिले.

"वाट चुकलो, मास्तर," कान्हू म्हणाला. "निगालतो वाडीला. बगतो तर ह्यो तुमचा दरवाजा. भागीनं दिसा सांगितली काय वं?"

"कोंबड्या…" मास्तर म्हणाले.

"कसं चुकायचं ते बी नशीब लागतं," कान्हूने आणखी एक भजं उचललं. "खोपोलीत भजी न्हवती."

अनसूयाबाई पाठमोऱ्या बसून पीठ कालवत होत्या. फार मन लावून कालवत होत्या.

*

दोन ऑगस्ट. सकाळचे अकरा. सभागृहात चाळीसेक विद्वान, कोपऱ्यात ओल्या छत्र्यांचा ढीग. मास्तरांनी पहिली तीन कारणं वाचली. माना डोलल्या. मग पान उलटलं आणि शरूमामांचं पत्र खाली पडलं.

पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. मामा अजून आले नव्हते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

मास्तरांनी चाळीस माणसांकडे पाहिलं. सगळे पन्नाशीचे, साठीचे. त्यांतला प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा मामा. आणि आपला तर या क्षणी पुण्यात कुठेतरी विचारत विचारत येत असलेला. वहीत खरी गोष्ट होती, तोंडात पहिलं वाक्य होतं. तेवढ्यात त्यांची नजर छत्र्यांच्या ढिगाकडे गेली.

"सात माणसं," मास्तर म्हणाले, "उलट्या इरल्यात बसली. आणि जमीन शोधायला त्यांनी तांबडी कोंबडी पाठवली."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष पुढे वाकले. "इरलं? ज्याने पाऊस अडवायचा, तेच उलटं करून पुरात तरायचं? हे कुठल्याच देशात नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे पाऊस फार."

"आणि ती कोंबडी परत आली?"

"ती शिस्तीची नव्हती," मास्तर म्हणाले.

टाळ्या वाजत असताना दार उघडलं आणि शरूमामा आत आले. एकदाही न चुकता आलो, एका टांगेवाल्याने थेट दारात सोडलं, असं त्यांनी पुढच्या रांगेतून मोठ्याने सांगितलं. मास्तरांनी निळी वही मिटली. इरल्याचा पाठ पुढे सभेच्या वार्षिकात छापला गेला, आणि खरी गोष्ट त्यांनी जन्मभर दिवसा कुणाला सांगितली नाही. उगमाचं चौथं कारण, पाहुण्याला मोकळ्या हाताने कसं धाडायचं, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं, ते मात्र छापायला दिलं नाही.

चोवीस जुलैला, गुरुवारी, वहीतली कोंबड्यांची ओळ वाचून झाल्यावर, अनसूयाबाईंनी बाजारात भारंगी घेताना कान्हूला सांगितलं होतं की येत्या रविवारी तुम्ही वाडीला परत जाऊ नका, आमच्याकडेच राहा, म्हणजे वाट चुकायचा प्रश्नच नाही. आणि कान्हूने ते त्याच संध्याकाळी भागूबाईला सांगितलं होतं.