जसं लिहिलंय तसं

डॉक्टरांनी आब्बांना सहा महिने दिले. आब्बांनी ते लगेच माझ्या नावावर केले.

"मोइनुल," ओल्डहॅमच्या इस्पितळातल्या खाटेवर उठून बसत ते म्हणाले, "माझ्या जनाज्याला तुला उभं राहून बोलावं लागेल."

"बोलेन की."

"बांग्लात."

मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, मँचेस्टरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो, आणि माझ्याकडे बांग्लाचे एकूण अकरा शब्द होते. त्यांतले सहा खाण्याचे, चार शिव्यांचे आणि एक 'हो'. एवढ्या भांडवलावर माणूस आमच्यातल्या कुठल्याही लग्नाला जाऊन येऊ शकतो. जनाज्याला नाही.

आमच्याकडे रिवाज असा, की मय्यत समोर ठेवलेली असते, रांगा लागलेल्या असतात, आणि नमाज सुरू व्हायच्या आधी थोरला मुलगा पुढे येऊन म्हणतो, माझ्या वडिलांनी कुणाचं मन दुखावलं असेल तर त्यांना माफ करा. लोक म्हणतात, माफ. दोन मिनिटांचं काम. देवाचे जे गुन्हे केले ते देव आपल्या अखत्यारीत माफ करू शकतो. माणसाचे मात्र ज्या त्या माणसानेच माफ करायचे. वरच्या साहेबाने खालच्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व फक्त तिथेच पाळलं जात असावं.

"तीनशे माणसं माफ म्हणतील," आब्बा म्हणाले. "मला एकाचंच हवंय."

ते कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. तोफज्जल चाचा ओल्डहॅममध्येच, दोन गल्ल्या पलीकडे राहत होते, आणि कयामतच्या दिवशी मोखलिस मियाँची कॉलर धरणार असल्याचं गेली चव्वेचाळीस वर्षं चहाच्या दुकानात येईल त्याला सांगत होते. मोखलिस मियाँ म्हणजे माझे आब्बा.

तेव्हा दोघे इथल्या कापड गिरणीत रात्रपाळीला होते. एका घरात चौदा माणसं आणि सात खाटा. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच उबदार गाद्यांवर झोपायचे. चौदांत अक्षर येणारे एकटे आब्बा. दर रविवारी ते पायरीवर बसून सगळ्यांची पत्रं वाचून दाखवत, उत्तरं लिहून देत. तोफज्जल चाचा त्यांच्याच गावचे, एका ताटात जेवणारे. एका रविवारी चाचांना घरून पत्र आलं, की आई शेवटच्या घटका मोजतेय. चाचांचा पासपोर्ट लंडनच्या सरकारी कचेरीत अडकलेला होता. बायको आणि दोन पोरांना आणायचा अर्ज चालू होता. मध्येच देश सोडला असता तर सगळं मुसळ केरात. आब्बांनी पत्र वरून खालपर्यंत वाचलं. आई मजेत आहे. फणसाला फळं धरलीत. लाल गाय व्याली.

आब्बांचं वाचन नामी होतं. तेव्हाचे लोक सांगतात, त्या दिवशी ते एकदाही अडखळले नाहीत.

दोन महिन्यांनी गावाकडून आलेल्या एका माणसाने भर रस्त्यात चाचांचं सांत्वन केलं. चाचा घरी गेले, ट्रंकेतून ते पत्र काढलं आणि आब्बांच्या पुढ्यात धरलं. "वाच." आब्बा वाचेनात. मग कॉलरची भाषा झाली.

"मी त्याचं भलंच केलं," इस्पितळात आब्बा मला म्हणाले. "त्याची बायकापोरं त्या अर्जावरच आली. कागद आधी. तिकडच्यांनाही तेच हवं होतं."

"मग माफी कशाला?"



भांडणानंतर आब्बा स्कॉटलंडात थर्सोला गेले. रेल्वे तिथे संपते. ती पुढे गेली असती तर तेही गेले असते. तिथे त्यांनी हॉटेल काढलं, तिथेच माझा जन्म; ओल्डहॅमला ते परतले ते थेट म्हातारपणी. मी तीन वर्षांचा असताना आम्मा वारली आणि घरातलं बांग्ला तिच्याबरोबर गेलं. मला अक्षर शिकवा म्हणून मी एकदा मागे लागलो होतो. "अक्षर आलं की माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो," ते म्हणाले आणि मला फुटबॉल आणून दिला.

वाचनालयातला बांग्लाचा वर्ग विद्यार्थ्यांअभावी बंद झाला होता. तिथल्या बाईंनी मला कल्याणी दत्तगुप्तांचा नंबर दिला. वय एकाहत्तर, कृष्णनगरच्या, औषधांच्या दुकानातून निवृत्त, विधवा. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून त्यांनी विचारलं, "कशासाठी शिकायचंय?"

"मुळं शोधायची आहेत, मिसेस दत्तगुप्त."

"वाढदिवसाला कुणी ती थुंकीवरून पूर्वज सांगणारी तपासणी भेट दिली वाटतं. सगळे त्यानंतरच येतात. आणि मासी म्हण, मिसेस दुकानात राहिली."

गाय हा उपयुक्त प्राणी आहे इथून आम्ही सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात गाईचं शेण चालू असताना माझ्याच्याने राहवेना. मी खरं ते सांगून टाकलं. मासींनी चहाची किटली खाली ठेवली.

"म्हणजे जनाज्याचं भाषण तू माझ्याकडून बसवून घेणार? दत्तगुप्तांच्या सुनेकडून?"

"हो."

"माझ्या नवऱ्याला अग्नी देताना माझ्या मुलाने मंत्र फोनवर लावले होते," त्या म्हणाल्या. "मध्ये जाहिरात लागली. वही काढ."

भाषण चार वाक्यांचं. ते मला महिन्यात पाठ झालं, तेव्हा मासींनी आपल्या आईच्या पत्रांचा डबा पुढे सरकवला.

"मासी, मला फक्त बोलायचंय."

"वाचता न येणारा पाठ म्हणतो, आणि पाठ म्हटलेलं समोरच्याला कळतं. छापील अक्षरं नटूनथटून बसलेली असतात, बाबा. हाताचं अक्षर वाच."

मग मी रोज संध्याकाळी एका अनोळखी बाईच्या गुडघेदुखीची चाळीस वर्षांपूर्वीची हकीकत अक्षर अक्षर जुळवत वाचू लागलो. आब्बांच्या छातीतलं पाणी वाढत होतं आणि मी अजून डाव्या गुडघ्यातच होतो.

माझा चुलतभाऊ माशुक टॅक्सी चालवतो आणि ओल्डहॅमच्या सगळ्या बातम्या त्याच्या मागच्या सीटवर बसूनच फिरतात. माझं बांग्ला ऐकून तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. "भाईसाब, तू तर ढाक्याच्या रेडिओवरून बातम्या देतोयस! इथे असं कोण बोलतं?" त्यात तथ्य होतं. आम्ही बांग्लादेशातल्या सिलेटचे, आमच्या बोलीचं पुस्तकी बांग्लाशी नातं चुलत आहे, आणि चुलत्यांचं आपसांत जसं असतं तसं आहे.

"आणि ऐक," हसू आवरून तो म्हणाला. "तोफज्जल चाचा जनाज्याला येणार म्हणतायत."

"माफ करायला?"

"पहिल्या रांगेत उभा राहीन आणि तोंड उघडणार नाही, म्हणाले. सगळ्या दुकानासमोर."

हे मी आब्बांना सांगितलं नाही. वाचून दाखवताना गाळायची सवय आमच्या घराण्यात आहेच.

पाचव्या महिन्यात आब्बांनी डॉक्टरांना एक महिना परत केला.

गुरुवारी, मशिदीच्या हॉलमध्ये, दुपारच्या नमाजनंतर. पेटी समोर, तिच्यावर हिरवी चादर, आणि मागे भिंतीपर्यंत माणसं. इमामसाहेब वयाने माझ्याहून लहान, आणि त्यांना अडीच वाजता आणखी एक जनाजा होता. त्यांनी माइक माझ्या हातात दिला. पहिल्या रांगेत, बरोबर मध्यभागी, काठीवर दोन्ही हात ठेवून तोफज्जल चाचा उभे होते. दाढी मेंदीने रंगवलेली, डोळे माझ्यावर.

मी चार वाक्यं बोललो. एकही वाक्य पडलं नाही. मागून आवाज उठला, "माफ! माफ करून टाकलं!" उजवीकडून, डावीकडून, पोराटोरांकडून, आब्बांना कधी न पाहिलेल्यांकडूनही. पहिल्या रांगेच्या मध्यभागी तो आवाज येऊन थांबला. सगळे थांबले. इमामसाहेब घड्याळाकडे पाहायचे तेही थांबले.

चाचांनी काठी वर केली. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून निळं हवाई पत्र. घड्यांवर ते इतकं झिजलं होतं की उजेड आरपार येत होता.

"मोखलिसच्या पोरा," ते म्हणाले, "हे वाच."

"चाचा," इमामसाहेब हळूच म्हणाले, "मय्यत समोर आहे. हे नंतर बघू या."

"चव्वेचाळीस वर्षं मी थांबलोय. मय्यतला कुठे जायचंय?"

माशुक पुढे सरकला. "चाचा, फोनने फोटो काढतो. लगेच वाचून दाखवतो तो, अगदी बाईच्या आवाजात."

"फोन मोखलिसचा पोरगा आहे का?" चाचांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "यात काय असेल ते सांगणारे खूप भेटले. मी कुणाला हात लावू दिला नाही. बापाने वाचलं होतं, पोराने वाचायचं. जसं लिहिलंय तसं."

मी पत्र उघडलं. अक्षर तिरकं, शाई तपकिरी पडलेली, कुणा शाळामास्तराचा हात. पत्र लिहायला बसला की सिलेटी माणूसही ढाक्याचा होतो, त्यामुळे भाषा माझी होती. पाच महिन्यांपूर्वी तीही नसती. माइक माझ्या हातून माशुकने घेऊन तोंडासमोर धरला, कारण पत्राला दोन हात लागत होते.

"स्ने... स्नेहाचा तोफज्जल. दुआ." मी थांबलो, जोडाक्षर फोडलं, पुढे गेलो. "मागच्या मंगळवारपासून... आईने अन्न... सोडलं आहे."

 

"पाणी चमच्याने देतो. हकीम म्हणाले, दिवस... मोजके." पहिलीतल्या मुलासारखं मी वाचत होतो आणि सगळा हॉल माझ्याबरोबर अक्षरं जुळवत होता. फणसाचं नाव नव्हतं. गाईचं नव्हतं.

मग एक गोष्ट झाली जी मला मासींच्या टेबलावर कधी जमली नव्हती. माझे डोळे तोंडाच्या पुढे गेले. खालच्या तीन ओळी मला आधीच कळल्या.

मी थांबलो.

घडी बरोबर त्याच ओळींवर पडली होती. तिथे एक मोठा डाग होता. 'इथे पुसलंय, चाचा,' एवढं म्हटलं की संपलं. पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती ते देणार नव्हते. त्यांना आई आजारी होती हे ऐकायला मिळालं होतं, आब्बांना माफी मिळाली असती, इमामसाहेबांना अडीच गाठता आले असते. सगळ्यांचं भलं. बाजूच्या पेटीत आब्बा होते, आणि ते एवढे न अडखळता कसे वाचू शकले हे मला त्या क्षणी फार स्वच्छ कळलं. अवघड काहीच नसतं त्यात.

"काय झालं?" चाचा म्हणाले. "लिहिलेलं नाही का पुढे?"

"लिहिलंय."

"मग?"

"रोज दुपारी आई विचारते," मी वाचलं, "तोफज्जलची गाडी आली का. आम्ही हो म्हणत नाही... आणि नाहीही म्हणत नाही. तू ये. कागदांसाठी..." तो शब्द मला तीनदा फोडावा लागला. "कागदांसाठी थांबू नकोस. कागद पुन्हा होतील."

आब्बांची एकुलती एक सबब मी त्यांच्याच उशाशी उभा राहून मोडली होती, माइकवर.

 बाहेर एक गाडी मागे घेतल्याचा पिपपिप आवाज येत राहिला.

"संपलं?" चाचांनी विचारलं.

"संपलं."

"शेवटचं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. कागदाच्या शब्दाला पुन्हा अडखळलो. चाचांनी पत्र घेतलं, घडी घातली. ते पिशवीत जाईना. मी मदतीला हात पुढे केला, त्यांनी तो कोपराने बाजूला सारला आणि पत्र तसंच खिशात ठेवलं.

"तुझा बाप फार सुंदर वाचायचा," ते म्हणाले.

"हो, चाचा."

"तू फार वाईट वाचतोस."

"हो, चाचा."

"वाईटच वाचत जा."

मग ते पेटीकडे वळले. इतका वेळ त्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं. काठी टेकत दोन पावलं पुढे आले आणि हिरव्या चादरीकडे बघत, एखाद्याला पायरीवरून हाक मारावी तसं म्हणाले, "मोखलिस, ऐकलंस ना रे?"

उत्तरासाठी थांबावं तेवढा वेळ ते थांबले. त्यांच्या दाढीच्या टोकाला पाणी जमलं होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"केलं," ते म्हणाले.

इमामसाहेब पुढे वाकले. "काय केलं, चाचा?"

"माफ केलं! काय करणार दुसरं? की आता माइकवर सांगू?"

ते माइकवरच गेलं होतं. माशुकला तो खाली घ्यायचं भान राहिलं नव्हतं.

इमामसाहेबांनी रांगा सरळ करायला सांगितल्या, मध्ये जागा सोडू नका, खांद्याला खांदा लावा. पहिल्या रांगेत एकच जागा मोकळी होती, चाचांच्या डाव्या बाजूला. मी तिथे जाऊन अंग चोरून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काठी मात्र उजव्या हातात घेतली आणि खांदा माझ्या खांद्याला लावला.