पोटात पेट्रोल, पाठीवर माश्या

मी एक टेम्पो बोलतोय. डिझेलवर चालणारा, अकरा वर्षांचा, मागच्या फळीला पोचा आलेला. मला पहिल्यापासून चौकशीची खोड. पाठीवर काय चढलं, कुठे निघालो, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

माझे मालक मधमाश्या पाळतात. जिकडे फुलोरा, तिकडे आमची वरात. पहाटे सगळ्या माश्या घरात असताना पेट्यांच्या दारांना जाळी लावायची, पेट्या माझ्यावर रचायच्या आणि ऊन तापायच्या आत नव्या शेतावर पोचायचं. एक नियम कडक: पेट्या चढल्या की इंजिन बंद करायचं नाही. माझी थरथर चालू असली की माश्या गप्प राहतात. का, ते मला अजून उमगलेलं नाही. पाळणा थांबला की बाळ रडतं, तसलंच काही असेल. त्यामुळे डिझेल आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायचं.

त्या दिवशी मालकांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. म्हणून चावी पहिल्यांदाच त्यांच्या सुनेच्या हाती आली आणि मालक तिच्या शेजारी बसले. गाडी छान चालवते हो पोरगी! पण डिझेल भरायचं तेवढं विसरली. अठरा पेट्या घेऊन निघालो आणि निम्म्या वाटेत काटा तळाला टेकला.

पंपावर इंजिन बंद करावंच लागतं. केलं, आणि पाठीवरची गुणगुण लगेच चढू लागली. पंपवाला दोन पावलं मागे सरकला.

"दादा, पेट्रोल, फुल्ल करा, लवकर!" सूनबाई म्हणाली. रोज स्कूटर चालवणाऱ्या बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार? माझ्या झाकणावर 'डिझेल' असं लिहिलेलं आहे, पण मालकांच्या मेणकट बोटांनी त्यावर असा थर चढवलाय की काही दिसत नाही. शिवाय पंपवाल्याची नजर झाकणावर नव्हतीच, पेट्यांवर होती. पेट्रोलची नळी बारीक, माझं तोंड मोठं. सहज आत गेली.

आधी मला गंमतच वाटली, खरं सांगतो. हे काय नवीन? पातळ, चुणचुणीत, नाकात जाणारं! मग लक्षात आलं. डिझेल हे माझं अन्नही आहे आणि वंगणही. हे पातळ पाणी इंजिनात पोचलं की लोखंडावर लोखंड घासणार. पण ते अजून टाकीतच होतं. चावी फिरेपर्यंत मी शाबूत होतो.

पंपवाला नळी काढून पळाला, म्हणून झाकण सूनबाईनेच लावलं. आत बसून चावीला हात घातला, तोच बोटांना वास आला. ओळखीचा, स्कूटरचा. तिच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प बसली असती तरी चाललं असतं. टेम्पो जुना, बंद पडला, म्हणून मोकळी झाली असती. तिने हात मागे घेतला.

"बाबा, माझ्याकडून घोळ झाला. मी यात पेट्रोल भरलंय."

मालक मागची गुणगुण ऐकत होते. "चालू कर," ते म्हणाले. "ऊन चढतंय. कोंडून मरतील त्या. टेम्पोचं काय, लोखंड आहे."

अकरा वर्षं पाठ दिली मी या माणसाला! वाईट वाटलं, लपवत नाही.

सूनबाईने चावी काढून मुठीत धरली. "नाही बाबा. पुढे बंद पडला तर तिथे झाडसुद्धा नसेल. पंपामागे सावली आहे. ढकलून नेऊ आणि जाळ्या काढू."

"अगं, एकदा सोडल्या की संध्याकाळशिवाय परत यायच्या नाहीत. अख्खा दिवस जाईल."

"दिवस जाऊ दे. जीव तर नाही जाणार कुणाचा."

मालकांनी मान डोलावली. पंपवाल्याने तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि तिघांनी मिळून मला ढकललं. झाडांखाली जाळ्या निघाल्या तशा माश्या भसाभस बाहेर पडल्या. इतकी घाई कसली असते, कुणास ठाऊक!

दुपारी मेकॅनिक आला. सूनबाईची तोंडावरची जाळी घालून माझ्याखाली शिरला.

"ताई, चावी फिरवली नाहीत ना?"

"नाही."

"मग वाचला हा."

माझा जीव भांड्यात पडला. टाकी रिकामी झाली, धुतली गेली, डिझेल आलं.

संध्याकाळी माश्या परतल्या. एकसारख्या अठरा पेट्यांतून आपली नेमकी कशी ओळखतात, हे मला कुणीतरी सांगा. जाळ्या लागल्या. मालकांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "सकाळी बोललो ते चुकलंच," ते म्हणाले. सुनेला म्हणाले असतील. मी मात्र ते माझंच धरलं.

"बाबा, थोड्या बाहेर राहिल्यात अजून."

"थोड्या राहतातच, पोरी. चल."

ती बराच वेळ थांबली. मग तिने चावी फिरवली.

आज मी सूर्यफुलांच्या कडेला उभा आहे, धडधाकट. तुमच्या हातून असा घोळ झाला, तर चावीवरचा हात काढा आणि तोंडाने सांगा. आमच्या पोटात गेलेलं उपसता येतं. पण त्या संध्याकाळी निघताना आरशात मी पाहिलं. मूठभर माश्या, मी दिवसभर उभा होतो त्या रिकाम्या जागेवर, बरोबर माझ्या पाठीच्या उंचीवर, दार शोधत घिरट्या घालत होत्या.