कृष्णाबाईचा बाद केलेला कागद

कृष्णाबाईला खोटी ठरवलीत तुम्ही, साहेब. लाल रेघ मारून ठरवलीत, आणि तीही ती दारात उभी असताना.

२००४ साल. खांदेदुखीची एक इंग्रजी प्रश्नावली तुम्ही मराठीत आणली होती. आपल्या माणसांना ती लागू पडते का, हे तपासायचं होतं. एकाच माणसाने पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा उत्तरं द्यायची. मधे उपचार नाहीत. खांदा तोच, तर उत्तरंही तीच यायला हवीत. दोन्ही कागद जुळले की महिनाभर फुकट शेक आणि व्यायाम. जवळच्या चांदीप गावची कृष्णाबाई त्या महिन्यासाठी विरारच्या दवाखान्यात आली होती. तिचा उजवा हात वर्षभर खांद्याच्या वर जात नव्हता.

प्रश्न वाचायला विनया, तुमची विद्यार्थिनी. समजावून सांगायचं नाही, लिहिलंय तेवढंच वाचायचं, ही तुमची ताकीद.

"केस धुताना किती अडचण येते? काहीच नाही तर शून्य, जमतच नाही तर दहा."

"शून्य."

"मावशी, हात कानापर्यंत तरी जातो का?"

"हात कशाला जायला पायजे? धुनारा हाय ना." तिने हनुवटीने बाकड्याकडे दाखवलं.

तिथे तिचा नवरा शत्रुघ्न बसला होता. "शून्यच लिव, बाय," तो म्हणाला. "साबन डोल्यात जातो, त्याचा येक लिव पायजे तं."

पाठ चोळायची? शून्य. पोलक्यात हात घालायचा? शून्य.

"मागच्या खिशातून वस्तू काढताना?"

"खिसा ह्यांचा. त्यात असतं काय, तं काढू?"

विनया हसली आणि शून्य लिहून मोकळी झाली.

गाव शत्रुघ्नला हसायचं. बायकोचा अंबाडा बांधणारा गडी म्हणून येता-जाता टोमणे. तो म्हणायचा, "पोर झालं असतं तं त्याचे केस विंचरले असते. नाय झालं. मंग हिचे."

दुसऱ्याच दिवशी सकाळी विहिरीवर घागर ओढता ओढता तो खाली बसला. तो पुन्हा उठलाच नाही.

तेरावं उरकून पंधराव्या दिवशी कृष्णाबाई आली. केसांचा गुंता पदराखाली दाबलेला. अंगात नवऱ्याचा सदरा, उजवी बाही रिकामी लोंबत.

विनयाने तेच प्रश्न वाचले. केस, दहा. पोलकं, दहा. पाठीचा प्रश्न आला तेव्हा विनयाने पेन खाली ठेवलं.

"वाच गं," कृष्णाबाई म्हणाली. "दहाच हाय."

विनयाने समासात दोन शब्द लिहिले: पती वारले.

तुम्ही कागद पाहिलात. "खांदा बदललाय?"

"नाही, सर."

"उपचार झाले?"

"नाही. पण त्यांचे..."

"मग पेशंट भरवशाचा नाही. बाद." तुम्ही कागदावर लाल रेघ मारलीत. "आणि समासात गोष्टी लिहीत बसू नकोस."

"त्यांचा शेक, सर?"

"नाव यादीत नाही, तर साध्या रांगेत. तीन महिन्यांनी या म्हणावं."

दारातून कृष्णाबाई आत आली. कुठल्याही डॉक्टरासमोर सांगितल्याशिवाय ती कधी बसली नव्हती. त्या दिवशी डाव्या हाताने खुर्ची ओढली आणि बसली.

"डॉक्टर, मी दोन्ही टायमाला खरंच बोलले. तवा धुनारा व्हता, आता नाय. शेजारनीला रोज किती हाका मारू? माझी पाठ मला धुवायची हाय, म्हनून हात बरा पायजे."

"बाहेर थांबा," तुम्ही म्हणालात.

"थांबते. पन आधी येक सांगा. म्हातारा जिता हाय असं धरून आजबी शून्यच म्हटलं असतं, तं माझा हात बरा करायला घेतला असता?"

तुम्ही पुढचा कागद उचललात.

"मी बसलेय," ती म्हणाली. "सांगा."