दिवसाआड बर्गर

आमच्या ह्यांना बाहेरचं खाणं म्हणजे विष. वर्षातून एकदा, लेकीच्या वाढदिवसाला, बर्गरच्या दुकानात जायचो, तेही हे नाक मुरडत. आणि हाच माणूस आता दिवसाआड तिथे जातो!

हे शिंपी. लेकीनं आपलं दुकान सांभाळावं अशी ह्यांची इच्छा. ती म्हणाली, "जन्मभर लोकांच्या कंबरा मोजणार नाही," आणि त्याच बर्गरच्या दुकानात नोकरीला लागली, खोली घेऊन वेगळी राहू लागली. बापलेकीचं बोलणं बंद. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं, अशी दोघं हट्टी.

काही दिवसांनी हे गुपचूप तिथे जाऊन आले. मग महिन्यातून एकदा, मग दर आठवड्याला. स्वतःच्याच पँटची कंबर उसवताना मी ह्यांना पकडलं, तेव्हा मला पत्ता लागला. डॉक्टरांनी रक्त तपासून डोळे वटारले, हृदयाची भीती घातली. पण पालथ्या घड्यावर पाणी.

"अहो, निदान अर्धं तरी टाका!"

"तिनं केलेलं टाकू?" हे म्हणाले. "आतून बघत असते ती."

शेवटी एका दुपारी मीच ह्यांच्याबरोबर गेले. ह्यांना टेबलाशी बसवून काउंटरवर आले, तर लेक ह्यांच्या पुड्यात मूठभर जास्तच तळलेले बटाटे भरत होती.

"एवढे कशाला गं?"

"बाबांना आवडतात. एक तुकडा टाकत नाहीत."

"डोंबल आवडतात! डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. तुला वाईट वाटेल म्हणून गिळतात बिचारे."

तिचा हात थांबला. "मग येतात कशाला?"

"आता तेही मीच सांगू?"

ती रिकाम्या हातानं गेली आणि ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. हे गडबडले. "माझं... आलं नाही अजून."

"येणार नाही, बाबा. आजपासून तुम्हाला इथे काही मिळणार नाही."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. कागदी रुमालाच्या घड्या घालत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "मग तुला बघायला मी कुठे यायचं?"

लेकीनं टोपी काढून डोळे पुसले.

"पाचला सुटते मी. घरी येते."

"थांबतो," हे म्हणाले.

पाच वाजायला अजून तीन तास होते. पण नुसतं पाणी पीत हे तिथेच बसून राहिले.