जातीच्या रकान्यातला लालसू

शाळेच्या पायरीशी दसरूचे पाय अडले. त्याच्या लेकीचा, दिव्यानीचा, गडचिरोलीला डी.एड.साठी गोंड म्हणून आदिवासींच्या राखीव जागेवर नंबर लागला होता. सोमवारपर्यंत जातीचा जुना पुरावा दिला नाही तर जागा जाणार होती. पुरावा म्हणजे तिच्या आजोबांची, दसरूच्या बापाची, लालसूची शाळाप्रवेशाची नोंद. आणि दसरूला धास्ती होती ती त्या नोंदीचीच.

लालसूची आई गोंड, पण बाप आलापल्लीच्या लाकूड डेपोवरचा इंग्रज साहेब. लालसू पुढे त्याच डेपोवर कामाला होता; तिथल्या जुन्या हजेरीपटात त्याच्या नावापुढे काय लिहिलंय, ते एका बाबूने दसरूला लहानपणी हसत हसत वाचून दाखवलं होतं. आधी ‘युरेशियन’, मग ‘हाफ-कास्ट’, पुढे ‘अँग्लो-इंडियन’. माणूस तोच, साहेब बदलला की शब्द बदले. सरकारदरबारी आपली जात हीच, असं दसरूने तेव्हापासून मनात धरलं होतं.

“चाला ना बाबा, काऊन उभे राह्यले?”

“त्यात गोंड नसन लिवलं त?”

“मंग मी मेमसाब होतो. तुमी सलाम करा मले.”

मुख्याध्यापक दादाजी गुरुजींनी १९३४ सालचं रजिस्टर काढलं. त्यांचं बोट नावांवरून उतरत एका जागी थांबलं. दसरूने मान खाली घातली.

“लालसू. पालक, देवाजी, मामा. जात, गोंड, सहा देवांच्या कुळातला.”

“पुन्हा वाचा जी.”

गुरुजींनी पुन्हा वाचलं. “मामानं त्याले आपल्या देवांत, आपल्या कुळात घेतलं होतं काय?”

“हो जी. बकरा कापून गावजेवण देल्लं होतं. आजी सांगे.”

“मंग झालं. मास्तरानं पोराची कातडी नाई पाह्यली, मामाले विचारलं. डेपोचा कागद कोण मागते भाऊ? तहसीलीत हाच उतारा लागते.”

दसरू मटकन बाकावर बसला. त्याला एकदम हसूच फुटलं.

“आधी काऊन नाई आले पाहाले?” गुरुजींनी विचारलं.

“भेव लागे जी.”

शिक्का बसला. दिव्यानी उतारा पिशवीत घालून दारापर्यंत गेली, तरी दसरू उठेना.

“गुरुजी, आणखी एक काढून द्या.”

“तो कायले?”

“तो त तहसीलीत जाईन. आता मले वाचता येते,” दसरू म्हणाला. “घरी निवांत वाचीन.”